रेशनचे कार्ड आणि घरची भाकरी

गेल्या भोगीला आपल्या मंडळाने बाजरीच्या भाकरीची स्पर्धा ठेवली होती, हे भगिनींना आठवत असेलच. परीक्षक म्हणून मी बसले होते. हाताने भाकरी थापणाऱ्या तरुण मुली व सुना मिळून अवघ्या चौघी निघाल्या. तेव्हा एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "आताच्या मुलींना कष्ट नकोत, दुसरे काय!" मी त्या वेळी काही बोलले नाही, पण ते वाक्य मनातून जाईना. भाकरी आपल्या घरांतून गेली ती मुलींच्या आळसाने गेली, असे मला वाटत नाही. ती कशी गेली, तेच आज लिहिते.

आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस सरता सरता शाळू पेरायचा, जमिनीतल्या ओलीवर तो वाढायचा, पौषात हुरडा आणि माघ-फाल्गुनात धान्य घरात. बाजरी त्याआधीच, दसरा-दिवाळीच्या सुमारास आलेली असायची. म्हणून थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि ऊन तापू लागले की ज्वारीची भाकरी नि ताकातले आंबील. भोगीच्या भाजीत काय असते ते पाहा: ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगी, पावटा. त्या आठवड्यात शेतात जे असते तेच पातेल्यात. कोणा वैद्याने लिहून दिलेला हा आहार नव्हे. पीक जसे येई तसे घर जेवत असे. पुढे १९७१ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अन्नघटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. शंभर ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सडलेल्या तांदळात फक्त १०, बाजरीत ८ मिलिग्रॅम लोह, असे आकडे त्यात आले. (बाजरीतले सगळे लोह अंगी लागत नाही, हेही खरे. जेवताना लिंबू पिळावे, म्हणजे थोडे अधिक लागते.)

या घडीत पहिला खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशन सुरू झाले, व मग इतर शहरांतही. तेव्हापासून पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे ते बहुधा बाईनेच; आणि दुकानात जे आले असेल तेच घरात शिजायचे. स्वातंत्र्यानंतरही तुटवडा संपला नाही. १९५६ साली अमेरिकेशी करार होऊन जहाजांतून गहू येऊ लागला. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि कितीतरी घरांनी ते मनापासून पाळले. पुढच्याच वर्षी मेक्सिकोहून गव्हाचे १८,००० टन बियाणे आले व उत्तरेकडे गव्हाची कोठारे भरू लागली. देशाची भूक त्याने भागली, हे कोणीही नाकारू नये. पण रेशनवर गहू आणि तांदूळ पक्के झाले ते तेव्हापासून. ज्वारी मागे राहिली.

१९७२ चा दुष्काळ मला स्वतःला आठवतो. मी नऊ वर्षांची होते. खडी फोडण्याच्या कामावरून आलेल्या बायका पदरात सुकडी बांधून आणीत. रेशनवर परदेशी लाल ज्वारी आली, 'मिलो' म्हणत तिला. आईने तिची भाकरी थापायला घेतली, ती परातीतच फाटली. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, मूठभर घरचा शाळू घालून तिने कशीबशी केली. रंग विटकरी, चवीला काहीच नाही. आम्ही भावंडांनी तोंडे वाकडी केली, तर आई पाठ फिरवून चुलीकडे बघत बसली. ती तेव्हा जेवली का, हे आम्ही कोणी विचारले नाही.

त्याच सुमारास गावोगाव संकरित ज्वारी पसरली. पीक दुप्पट येई, परंतु काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडे. तिची भाकरीही लोकांना रुचली नाही. 'हायब्रीड' हा शब्द आपल्याकडे नावे ठेवायला वापरतात, तो उगाच नव्हे.

आता घरातली अडचण सांगते, कारण ती पुरुषमंडळी लिहीत नाहीत. गव्हाची कणीक महिनाभर डब्यात राहते. बाजरीचे पीठ चार-आठ दिवसांत कडवट होते, कारण त्यात तेलाचा अंश अधिक. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापता थापता चिरते. म्हणजे दळण थोडे-थोडे व वारंवार करायला हवे. सकाळी आठला कामावर निघणाऱ्या सुनेने दर आठवड्याला गिरणीवर कधी जावे?

भावाचेही तसेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद झाली, पण आपल्या दुकानांत बहुतेक वेळा गहू-तांदूळच आले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. फलक लागले, पाकिटांतून नाचणीची बिस्किटे विकली गेली. त्याच जानेवारीपासून रेशनचे धान्य मोफत झाले आणि बाजारात चांगला शाळू मात्र गव्हाहून महाग. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला "भाकरी खा" असे सांगताना माझी तर जीभ अडखळते.

स्पर्धेनंतर आम्ही सहाजणींनी एक केले. धान्य एकत्र घ्यायचे, दर बुधवारी पाच किलो दळायचे आणि ज्याला जेवढे चार दिवसांत लागेल तेवढे वाटून न्यायचे. गिरणीवाला आधी कुरकुरला; एवढ्याशा दळणासाठी जाते साफ करायचे म्हणून. आता तो बुधवारी स्वतःच विचारतो. थंडीत बाजरी, होळीनंतर ज्वारी, वैशाखात थोडी नाचणी. सध्या आम्ही अकराजणी आहोत आणि त्यांत गेल्या वर्षीच्या चौघींपैकी दोघी आहेत. बाकीच्यांना भाकरी थापायला त्या दोघीच शिकवतात, बुधवारी संध्याकाळी, मंडळाच्या मागच्या खोलीत.