निर्धूर चूल वर्ध्याची, धूर मात्र आमच्या घरात



घरातली हवा सुधारा म्हटलं की लोकांना एअर प्युरिफायर आणि कुंडीतली झाडं आठवतात. तो खिडक्या असलेल्यांचा विषय झाला. आपल्या बाजूचा इतिहास सांगायचा तर वर्ध्यापासून, मगनवाडीपासून सुरुवात करावी लागते.

1934 च्या डिसेंबरमध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत त्याचं काम चाले. गांधींचे पुतणे मगनलाल यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणत, आणि संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा पाहत. याच मगनवाडीतून पुढे 'मगन चूल' निघाली. मातीची चूल, एका जाळावर एकाहून जास्त भांडी, आणि धूर बाहेर नेणारं धुराडं. 1953 मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजूंनीही अशाच निर्धूर चुलीचा प्रचार केला. बाईच्या डोळ्यांत जाणारा धूर हा प्रश्न आहे, हे या लोकांना कळलं होतं. त्याचं श्रेय द्यायला आपण कचरू नये.

पण त्यांना चूल दिसली, चूल ठेवलेलं घर दिसलं नाही. गावकुसाबाहेरचं घर म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली. तिथंच स्वयंपाक, तिथंच बाळंतीण, तिथंच दम्याचा म्हातारा. आणि जळणालाही जात असते. गोवरीला जनावर लागतं, पऱ्हाटीला शेत लागतं, लाकडाला बांध नाहीतर जंगल लागतं. भूमिहीन माणसाकडे यातलं काय होतं? कापूस निघाल्यावर मालकाचं शेत मोकळं करून द्यायचं आणि पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर आणायचे, हा विदर्भातला जुना व्यवहार. पऱ्हाटी भसाभसा जळते. पावसात भिजलेली असली तर जळण्यापेक्षा धूरच जास्त. मालकाशी वाजलं की चुलीचंही वांधं.

एका खोलीत राहणं म्हणजे काय, हे बाबासाहेबांना वाचून कळलेलं नव्हतं. लोअर परळच्या डबक चाळीत सगळं कुटुंब एका खोलीत होतं. स्वयंपाक, सरपण, जातं आणि शेळी, सगळं तिथंच. रामजीबाबा भीमरावांना मध्यरात्रीनंतर अभ्यासाला उठवत, कारण तेवढ्या वेळीच खोली जरा शांत असे. पुढे परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा कुठे पुस्तकांना जागा झाली. त्या 50 आणि 51 नंबरच्या खोल्या आपण श्रद्धेने पाहायला जातो. दुसऱ्या खोलीने काय फरक पडला, याचा विचारही तिथं उभं राहून करायला हवा.

म्हणून 1943 चं भाषण मला वर्ध्याच्या चुलीशेजारी ठेवून वाचावंसं वाटतं. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. 25 ऑक्टोबरला विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक वीज मागितली. त्यांचं म्हणणं असं, की विजेशिवाय उद्योग नाहीत, आणि उद्योगांशिवाय या देशातला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटत नाही. 1945 च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाला थेट उत्तर दिलं. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवून विचाराला फुरसत देतं ते यंत्र, असं त्यांनी मांडलं. वर्धा चूल सुधारत होतं. बाबासाहेबांना चुलीपुढची बाईच मोकळी करायची होती.

पुढे काय झालं? 1983 नंतर सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या आणि 2002 च्या सुमारास कार्यक्रम गुंडाळला. ओडिशातल्या सुधारित चुलींचा रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. मग चुली फुटल्या, धुराडी बुजली, डागडुजी झाली नाही, आणि फायदा संपला. बाईला चूल सारवता येत नाही म्हणून असं होतं, असं कुणी म्हणालं तर त्याला दिवसभर निंदून आल्यावर धुराडं साफ करायला सांगा.

2016 मध्ये उज्ज्वला आली. आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 ला आपल्या औरंगाबादेत समारंभाने दिली गेली. त्याच वर्षीच्या कॅगच्या अहवालात दुसरा आकडा आहे. 2018 च्या मार्चपर्यंत ज्यांच्या जोडणीला वर्ष झालं होतं, त्यांनी वर्षाला सरासरी 3.66 सिलिंडर भरून घेतले. बाकीचे महिने काय पेटत होतं? पऱ्हाटीच. पैसा नसेल तर सिलिंडर हा घरातला एक रिकामा डबा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने स्वयंपाकाच्या अशा धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं मेली. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा दमा, डोळ्यांतला मोतीबिंदू. आपण 'चुलीपुढे बसून बसून छाती गेली' म्हणतो आणि विषय सोडून देतो.

जाता जाता एक, शहरात दहा बाय दहाच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांसाठी. बंद खोलीत डासांची एक कॉइल जळून संपते तेव्हा 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण हवेत सोडते, असं 2003 च्या एका अभ्यासात आढळलं. मच्छरदाणी लावा, खिडकी उघडा.

आता गावचा प्रश्न. घरकुल 269 चौरस फुटांचं. ग्रामसभेत यादीतल्या नावांवरून भांडणं होतात, ती व्हायलाच हवीत. पण नकाशावर कुणी बोलत नाही. स्वयंपाकाची जागा वेगळी आहे का? समोरासमोर हवा खेळेल अशी खिडकी आहे का? स्लॅब टाकताना धुराड्याला भोक ठेवलं का? आधी कुडाच्या फटींतून आणि कौलांतून धूर निघून तरी जायचा, स्लॅबखाली तो कोंडतो. म्हणून बाया अंगणात चूल मांडतात, वर एक टिन टाकतात. जूनमध्ये पाऊस लागला की ती चूल परत आत येते.