जात्याची घरघर आणि यंत्राची कळ

गंगाखेडच्या जनाबाईचे नाव घेतले की आपणा परभणीकरांच्या डोळ्यांपुढे जाते उभे राहते आणि कानांत ओवी घुमू लागते. ती ओवी आज यंत्रात साठविता येते. एवढेच नव्हे, तर साठविल्यावर स्वच्छ, मोठी, गोड असे तिला हवे ते रूप देता येते. संगणकावर ध्वनीचे संपादन करावयाचे झाले, म्हणजे ‘इफेक्ट’ नावाची एक लांबलचक यादी पुढे येते आणि त्यातील प्रत्येकाला दोनचार कळा असतात. या कळा आल्या कोठून, आणि त्या फिरविताना नेमके काय ठरत असते, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

सन १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरविले. त्या वेळी गायिकेपुढे एक कर्णा असे. आवाजाच्या जोरानेच मेणावर रेघ कोरली जाई. कळ अशी नव्हतीच. तान चढली की गाणाऱ्याने मागे सरावे, सूर हलका झाला की पुढे झुकावे! नियंत्रण होते ते माणसाच्या अंगात.

सन १९२५ च्या सुमारास विद्युत-ध्वनिमुद्रण आले आणि चित्र पालटले. मायक्रोफोनने आवाजाचा विद्युत्प्रवाह केला. प्रवाह म्हटला की तो कमीजास्त करता येतो. टेलिफोनच्या तारांतून आवाज लांब जाताना त्यातील उंच स्वर मंदावत. ते पुन्हा सावरण्यासाठी जी युक्ती निघाली, तीच पुढे बोलपटवाल्यांनी उचलली. ‘इक्वलायझर’ या नावाचे मूळ तेथे आहे. आपल्याकडे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तेव्हा प्रभात कंपनीत ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले सांभाळीत.

पुढे चुंबकीय फीत आली आणि तिच्याबरोबर तिची सूंसूं आली. या सूंसूंवर तोड काढणारे रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडला होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा थाटली. युक्ती साधी: मुद्रण करताना हळू आवाज उचलून घ्यावयाचे आणि ऐकविताना तितकेच खाली आणावयाचे, म्हणजे फितीची सूंसूंही त्यांच्यासमवेत खाली बसते.

ही सारी कपाटाएवढी यंत्रे संगणकाच्या पडद्यावर चित्ररूपाने आली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ साली ‘ऑडॅसिटी’ रचावयास घेतली आणि २००० साली ती विनामूल्य सर्वांस खुली केली. तिच्यातील गोंगाट कमी करण्याचा इफेक्ट पाहा. प्रथम जेथे नुसता गोंगाटच आहे, असा तुकडा आपण यंत्राला दाखवावयाचा. मग यंत्र सबंध ध्वनीच्या उंच-नीच स्वरांनुसार बारीक पट्ट्या पाडते आणि ज्या पट्टीतील आवाज त्या नमुन्याच्या पातळीवर गेला नाही, ती पट्टी दाबते. किती दाबावे, नमुन्याशी किती काटेकोर जुळवावे, शेजारच्या पट्ट्यांना कितपत सांभाळून घ्यावे, यांसाठी तीन कळा असतात. कळ फाजील ओढली, तर गोंगाट जाऊन कंठात धातूची किणकिण उरते.

आता आपल्या जात्याकडे वळू. ओवीच्या दोन ओळींमध्ये बाई श्वास घेते. जाते मात्र फिरतच असते. संपादकाने नेमका तोच तुकडा गोंगाट म्हणून दाखविला, तर यंत्र निमूटपणे जात्याची घरघर पुसून टाकील. गळा स्वच्छ उरेल. पण जिच्या लयीवर ओवी जन्मली, तीच नाहीशी होईल! गोंगाट कोणता हे यंत्राला कळत नसते. ते आपण सांगावे लागते.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत आपल्याच जिल्ह्यातील ताडकळसचे आवाज आहेत. विजेच्या गिरणीने जाती मुकी केली. ओव्या पाठ असलेल्या वृद्धा थोड्या उरल्या आहेत. त्यांचे मुद्रण आता घरचा नातूही करू शकतो.

त्याला आमचे एवढेच सांगणे आहे. मूळ मुद्रण जसेच्या तसे ठेवावे. सारे संस्कार त्याच्या प्रतीवर करावेत. आणि कोणती कळ किती फिरविली, ते सोबत लिहून ठेवावे. प्रत बिघडली तर पुन्हा करता येईल. आजीचा गळा मात्र पुन्हा मिळणार नाही.