एकरूप विधी आयोग (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्यांचे कायदे ज्या बाबतींत परस्परांशी जुळते असणे इष्ट, त्या बाबतींत मसुदे सिद्ध करून ते राज्यांच्या विधिमंडळांकडे शिफारशीसह पाठविणारी विधिज्ञांची बिनपगारी संस्था. स्थापना 1892, मुख्य कचेरी शिकागो येथे.

संघराज्याकडे न सोपविलेले अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे राहतात, असे तेथील संविधानाची दहावी दुरुस्ती सांगते; त्यामुळे करार, खरेदीविक्री, विवाह, वारसा यांचे नियम ज्या त्या राज्याने आपापल्या शिरस्त्याप्रमाणे केले, आणि आगगाडी व तारायंत्र यांच्या योगाने व्यापार राज्याच्या हद्दीत मावेनासा झाला तेव्हा एकाच दस्तऐवजाला दोन राज्यांत दोन अर्थ येऊ लागले. (हुंडी, धनादेश व वचनचिठ्ठी हे विषय भारतीय संविधानाने केंद्रसूचीत घातले असल्यामुळे आपणांस या अडचणीची कल्पना सहसा येत नाही.) अमेरिकी वकील संघाच्या आग्रहाने न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने 1890 मध्ये आयुक्त नेमण्याची तरतूद केली, 1892 मध्ये साराटोगा येथे पहिली परिषद भरली, आणि 1912 पर्यंत सर्व राज्ये तीत सामील झाली.

आयुक्त हा विधिज्ञच असावा लागतो. वकील, न्यायाधीश, विधिमंडळाचे सभासद, प्राध्यापक अशांतून राज्ये त्यांची नेमणूक करतात. वेतन मिळत नाही, मिळतो तो प्रवासखर्च. वुड्रो विल्सन व लुई ब्रँडाइस हेही एके काळी आयुक्त होते. मसुदा किमान दोन वार्षिक अधिवेशनांत सर्वांसमक्ष ओळीओळीने वाचला जातो, आणि अखेरीस प्रत्येक राज्यास एक मत या हिशेबाने, उपस्थित राज्यांपैकी बहुसंख्य व निदान 20 राज्ये अनुकूल असतील तरच तो संमत होतो. तथापि संमत मसुद्याला कायद्याचे बळ नसते. ते मिळविण्यासाठी आयुक्ताने स्वराज्यी परतून आमदारांची मनधरणी करावयाची असते, आणि खरे कष्ट येथेच पडतात असे म्हणावे लागेल.

1896 चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा, जो 1882 च्या इंग्रजी हुंडी कायद्यावर बेतलेला होता, यथावकाश सर्व राज्यांनी स्वीकारला. अमेरिकी विधी संस्थेच्या सहकार्याने व कार्ल लेवेलिन यांच्या प्रमुखत्वाखाली रचलेली एकरूप वाणिज्य संहिता (1952) ही आयोगाची सर्वश्रेष्ठ कृती होय. पण तिलाही पेनसिल्व्हेनियाने 1953 मध्ये जवळ केले असता न्यूयॉर्कच्या विधी-सुधार आयोगाने 1956 मध्ये इतके आक्षेप घेतले की संहिता पुन्हा दुरुस्त करावी लागली, तेव्हा कोठे इतर राज्ये वळली. फ्रेंच-स्पॅनिश विधिपरंपरा जपणाऱ्या लुइझियानाने तिचे विक्रीविषयक प्रकरण अद्याप घेतलेले नाही. विवाह व घटस्फोटाचा 1970 चा मसुदा तर मोजक्याच राज्यांनी पत्करला; पैशाच्या व्यवहारात एकमत होणारी राज्ये घरसंसाराच्या प्रश्नी आपले ते सोडीनात. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांविषयीचा 1999 चा मसुदा 49 राज्यांनी मान्य केला. बाहेर राहिले ते एकटे न्यूयॉर्क. त्याने त्या विषयावर स्वतःचा निराळा कायदा केला आहे.