भावाची गिटार आणि एक छोटी डबी

माझा धाकटा भाऊ हवाईयन गिटार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी दांडी सरकवत. व्हॅन शिपले यांच्या तबकड्या ऐकून शिकला. दिवाळीनंतर मंडईच्या नाटकांत, दोन अंकांच्या मधे, सिनेमाची गाणी वाजवी. मागच्या वर्षी तो गेला. त्याआधी पुतण्याने गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरला जोडून चार गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती.

"मोठेबाबा, सूर बाबाचेच हायेत, पण आवाज कोरडा लागते," तो म्हणाला.

लागणारच. विजेवरच्या गिटारचा अर्धा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये असतो. (गंमत म्हणजे अमेरिकेत बीचम आणि रिकनबॅकर यांनी 1932 च्या सुमारास बाजारात आणलेली, पहिली खऱ्या अर्थाने खपलेली इलेक्ट्रिक गिटार हवाईयनच होती. आकारामुळे तिला लोक तवा म्हणत.) उपाय असा, की रेकॉर्डिंग भावाच्याच जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवायचं आणि माइक लावून पुन्हा टिपायचं. याला रीॲम्पिंग म्हणतात. युक्ती जुनी आहे. 1947 साली शिकागोत बिल पुटनम यांनी हार्मोनिकावाल्यांच्या एका गाण्यासाठी स्टुडिओच्या न्हाणीघरात स्पीकर आणि माइक ठेवून घुमारा मिळवला होता.

आम्ही कॉम्प्युटरचं आउटपुट थेट ॲम्प्लिफायरला जोडलं. नुसती घरघर, आणि सूर फाटलेले! ॲम्प्लिफायरला गिटारकडून अगदी क्षीण सिग्नल अपेक्षित असतो, इथे त्याच्या कितीतरी पट जोरदार आला. पुतण्या नवा महागडा ॲम्प्लिफायर घ्यायला निघाला. मी अडवलं. नवा घेतला तर त्यातून भावाचा आवाज कुठून यायचा? हवी होती ती ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी. जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन ध्वनिमुद्रकाने 1990 च्या दशकात खास याच कामासाठी अशी डबी बनवली. सिग्नल उतरवते, आणि ट्रान्सफॉर्मरमुळे दोन यंत्रांची अर्थिंग वेगळी ठेवता येते, म्हणजे घरघर थांबते. घेताना पातळी कमीजास्त करायचं बटण आणि अर्थिंग तोडायचा खटका, एवढं पाहावं. माइकही साधा डायनॅमिक पुरतो. तो स्पीकरच्या मध्यापासून किंचित बाजूला धरायचा.

ॲम्प्लिफायरच्या बटणावर भावाने केलेली खूण अजून होती. तिथेच लावलं. तीनदा रेकॉर्ड केलं. तिसऱ्या वेळी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आत आली. पुतण्या ते पुसणार होता. मी म्हटलं, राहू दे.