स्वस्तातला परदेश : फुन्शोलिंग ते थिंफू

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण जोडपं आमच्याकडे आलं. आमचा विषय होता अनुभववाद, त्यांचा प्रश्न मात्र निराळाच होता. "सर, तुम्ही आणि काकू भूतानला रस्त्यानं फिरून आलात म्हणे. आम्हालाही जायचंय. पहिल्यांदाच देशाबाहेर, आणि पैसे बेताचेच आहेत. कसं ठरवलंत तेवढं सांगा ना." उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. आम्ही त्यांना हिशेब सांगितला. त्या हिशेबातले आकडे कुठून आले, ते राहूनच गेलं. आज ते पुरं करतो.

आधी हिशेबच घेऊ. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही गेलो. आमचं वय चौऱ्याहत्तर, सौभाग्यवतींचं एकोणसत्तर. दोघांनीही पासपोर्ट कधी काढलेला नाही. जुन्या डायरीच्या मागच्या पानावर सौ.ने मथळा लिहिला, 'भूतान', आणि खाली रेघ मारून म्हणाल्या, "अहो, पंचाहत्तर हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही, आत्ताच सांगते." मग आकडे पडू लागले. पुण्याहून हावडा, सियालदाहून हासीमारा, आणि परत, असं दोघांचं रेल्वेचं भाडं साधारण बारा हजार. तिथली गाडी ड्रायव्हरसकट सहा दिवस, दिवसाला साडेचार हजार, म्हणजे सत्तावीस. पाच रात्रींची साधी हॉटेलं साडेबारा हजार. जेवणखाण सहा हजार. आणि शेवटी एक ओळ: भूतान सरकारचं शुल्क, माणशी रात्रीला बाराशे, पाच रात्री, दोन माणसं, बारा हजार. एकूण साडेएकोणसत्तर. वरचे साडेपाच हजार औषधपाण्याला आणि चुकीला.

आपली गाडी का नाही नेली, असं पुतण्यानं विचारलंच. पुण्याहून भूतानची वेस अडीच हजार किलोमीटरच्या आसपास आहे. जायला चार-पाच दिवस, यायला तेवढेच, वाटेतले मुक्काम, पेट्रोल, टोल, वर परक्या गाडीचे तिथले वेगळे परवाने. बेताच्या पैशात रोड ट्रिप करायची तर जो रस्ता बघायचा आहे तेवढाच रस्त्यानं करावा, बाकीचा आगगाडीनं. शिवाय डोंगरातल्या त्या वळणांवर आमच्या हातात स्टिअरिंग असणं कुणाच्याच हिताचं नव्हतं.

आता या हिशेबात काय नाही ते पाहा. व्हिसाची फी नाही. पासपोर्टाचा खर्च नाही, कारण भारतीय माणसाला मतदार ओळखपत्रावरही तिथे प्रवेशाचा परवाना मिळतो. (आधार कार्ड चालत नाही, हे लिहून ठेवा.) पैसे बदलून घेण्याची कटकट नाही. भूतानचं चलन न्गुल्ट्रम. ते १९७४ साली आलं आणि आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे. रुपया तिथे सर्रास घेतात. हे सगळं 'नाही' आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की आपण भूतानला सहज 'स्वस्तातला परदेश' म्हणून टाकतो. पण हे 'नाही' कुणीतरी कधीतरी ठरवलेलं आहे. ८ ऑगस्ट १९४९ ला दार्जिलिंगला भारत-भूतान करार झाला. त्यात भूतानच्या अंतर्गत कारभारात हात घालणार नाही असं भारतानं कबूल केलं, आणि परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानण्याचं भूताननं. ती सल्ल्याची अट २००७ च्या नव्या करारात गेली. म्हणजे आपण ज्या मोकळेपणानं तिथे शिरतो, त्याच्या पोटात लहान शेजाऱ्यानं मोठ्या शेजाऱ्याशी केलेला एक व्यवहार आहे.

त्याहून जुना व्यवहार तर आगगाडीच्या खिडकीतूनच दिसतो. हासीमारा जवळ येऊ लागलं की दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागतात. हा प्रदेश डुआर्स. शब्द आपलाच, द्वार, दार. मैदानातून भूतानच्या डोंगरात शिरण्याच्या अशा अठरा वाटा, अकरा बंगालकडून, सात आसामकडून. त्या दारांपुढची सुपीक पट्टी भूतानच्या ताब्यात होती. १८६४-६५ च्या युद्धात ब्रिटिशांनी ती घेतली, आणि नोव्हेंबर १८६५ मध्ये सिंचुला इथे तह झाला. पट्टी ब्रिटिशांची, बदल्यात भूतानला वर्षाला पन्नास हजार रुपयांपर्यंत मोबदला. मग तिथे चहा लागला. हासीमाऱ्याला उतरून अर्ध्या-पाऊण तासात आपण जयगावला पोचतो, समोर भूतानची रंगीत कमान दिसते, आणि आपण म्हणतो, चला, परदेश सुरू झाला. भूतानी माणसाच्या आजीच्या आजीनं म्हटलं असतं, बाबांनो, तो तर चार टेकड्या मागेच सुरू झाला होता.

कमानीपलीकडे फुन्शोलिंग. परवान्याच्या खिडकीशी आमची थोडी फजिती झाली. सौ.च्या मतदार ओळखपत्रावर आडनावातलं एक अक्षर चुकलेलं, आणि हॉटेलच्या बुकिंगवर ते बरोबर. खिडकीतली मुलगी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिली. आम्ही बोलायला तोंड उघडलं, तर सौ.ने हात दाबला. अर्ध्या तासानं कुणाला तरी विचारून ती मुलगी हसत बाहेर आली आणि परवाना हातात ठेवला. तो अर्धा तास आम्हाला कळत होतं की आपण इथे कुणीच नाही. चाळीस वर्षं 'व्यक्ती म्हणजे काय' हे शिकवलेल्या माणसाला एका अक्षरानं ते समजावं, हेही ठीकच.

आता रस्ता. फुन्शोलिंग ते थिंफू सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, पाच-सहा तास. फुन्शोलिंग जवळजवळ मैदानात आहे, थिंफू समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर. एका दिवसात एवढं चढायचं असतं, म्हणून सकाळी लवकर निघावं, आणि थिंफूत पहिला दिवस काही न करता काढावा. आमच्या ड्रायव्हरनं तेच सांगितलं, आम्ही निमूटपणे ऐकलं.

हा रस्ता व्हायच्या आधी इथून खेचरांच्या वाटेनं पाच-सहा दिवस लागत. पंडित नेहरू सप्टेंबर १९५८ मध्ये भूतानला गेले तेव्हा या बाजूनं गेलेच नाहीत. ते गंगटोकहून निघाले, १४,००० फुटांवरच्या नाथु-ला खिंडीतून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरले, यातुंगला मुक्काम केला, आणि तिथून घोड्यांवरून, पायी, डोंगर ओलांडत पारोला पोचले. बरोबर इंदिराजी होत्या. नेहरूंचं वय अडुसष्ट. म्हणजे भारताच्या पंतप्रधानाला शेजारच्या मित्राकडे जायला चीनच्या ताब्यातल्या मुलखातून जावं लागलं! पारोला त्यांनी जाहीर सांगितलं की भूताननं स्वतंत्र राहावं, आपल्या मार्गानं चालावं, हीच भारताची इच्छा आहे. राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्याशी रस्त्याची बोलणी झाली. पण भूतान लगेच हो म्हणालं नाही. का म्हणेल? डुआर्सची आठवण ताजी होती. रस्ता झाला की त्यावरून कोण कोण येईल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खुळा नव्हता.

मग तिबेट पेटलं. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, निर्वासित भूतानच्या सीमेवर येऊ लागले. शतकानुशतकांचा उत्तरेकडचा व्यापार भूताननं १९६० साली बंद केला. उत्तरेचं दार लागलं, म्हणून दक्षिणेचं उघडावं लागलं. १९६१ साली भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, तिचा पैसा भारताचा, आणि त्यातला मोठा हिस्सा रस्त्यांचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प उभा राहिला. १९६२ मध्ये जीप थिंफूला पोचली. पुढच्या साठ वर्षांत दंतकच्या कामावर बाराशेहून अधिक माणसं मेली, असं ती संघटनाच सांगते. दरडी, थंडी, अपघात. रस्त्याकडेला ड्रायव्हरांना शहाणपण सांगणाऱ्या दंतकच्या पाट्या असतात, त्या वाचून प्रवासी हसतात. आम्हीही हसलो. मग ड्रायव्हरनं एका ठिकाणी गाडी बाजूला घेतली, कारण पुढे दरड काढत होते. पाऊण तास आम्ही फावडी आणि घमेली बघत बसलो.

आता त्या बाराशे रुपयांकडे वळू. तुमची चिडचिड तिथेच आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या डायरीत सौ.ने घरून निघताना त्या ओळीपुढे चक्क 'दंड' असं लिहिलं होतं. भूताननं बाहेरच्या पर्यटकांना १९७४ साली प्रथम घेतलं, आणि सुरुवातीपासून धोरण ठेवलं की माणसं थोडी यावीत आणि त्यांनी पैसे पुरेसे द्यावेत. पाश्चात्त्य पर्यटकाला दिवसाला दोनशे-अडीचशे डॉलर मोजावे लागत. आपल्याला त्यातून सूट होती. मग आपण इतके येऊ लागलो की पर्यटकांत सर्वांत मोठी संख्या आपलीच झाली. २०२० मध्ये कायदा करून भारतीयांनाही शुल्क लावलं. अंमल व्हायच्या आतच महासाथीनं सीमा बंद झाल्या. २३ सप्टेंबर २०२२ ला त्या उघडल्या तेव्हापासून बाराशे द्यावे लागतात. आम्ही गेलो तेव्हा इतर परदेशी लोक शंभर डॉलर देत होते. तेव्हा बाराशेसुद्धा सवलतच.

पण प्रश्न पैशाचा नाहीच. पाहुण्याकडून शुल्क घेणं बरोबर आहे का? इथे आम्हाला आमचा जुना सोबती आठवतो, इमॅन्युएल कांट. जन्मभर कोनिग्सबर्गचा परिसर न सोडलेला हा माणूस, पण परक्या देशात पाऊल टाकण्याच्या हक्काबद्दल त्याच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी लिहिलं आहे. १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात तो म्हणतो की पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत दूर पांगू शकत नाहीत, म्हणून एकमेकांना सहन करणं भाग आहे. परक्यानं नीट वागावं, मग त्याला शत्रू मानू नये. पण हा भेटीचा हक्क आहे. पाहुणा म्हणून राहण्याचा नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. आणि पुढे तो युरोपच्या व्यापारी राष्ट्रांवर तुटून पडतो. हे लोक भेटीला येतात म्हणजे जिंकायलाच येतात. हिंदुस्थानात वखारींच्या नावाखाली त्यांनी फौजा आणल्या, असं तो नाव घेऊन लिहितो. म्हणून चीन आणि जपान यांनी असल्या पाहुण्यांचा अनुभव घेऊन दारं अर्धी लावली, हे त्याला शहाणपणाचं वाटतं.

इतकी वर्षं हे पान शिकवताना आम्ही नकळत हिंदुस्थानच्या बाजूनं वाचत आलो. ज्याच्या घरात पाहुणा घुसला, तो आपण. भूतानमध्ये पहिल्यांदा वाटलं की या पानावर आपण दुसऱ्या बाजूलाही असू शकतो. आपण जिंकायला गेलो नाही, हे खरं. पण आपण खूप आहोत, आणि मोठ्यानं बोलतो.

थिंफूहून पुनाख्याला जाताना दोचुला खिंड लागते, ३,१०० मीटर. तिथे १०८ छोटे स्तूप आहेत, त्यांना चोर्तेन म्हणतात. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या जंगलात तळ ठोकलेल्या भारतातल्या बंडखोर गटांविरुद्ध भूतानच्या सेनेनं मोहीम केली. त्यात पडलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले. म्हणजे आपल्याकडच्या बंडखोरांशी लढताना त्यांची माणसं मेली. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मोटारसायकलींवरून आलेल्या एका गटातला आपल्याच महाराष्ट्रातला एक जण त्यातल्या एका चोर्तेनवर चढला आणि फोटो काढून घेतला. फोटो जगभर फिरला. त्यानं माफी मागितली, त्याला सोडलं. आम्हाला त्या मुलाला झोडपायचं नाही. त्याला ते दगडी बांधकाम म्हणजे उंच जागा वाटली असणार. ते काय आहे, कुणासाठी आहे, हे निघण्यापूर्वी त्याला कुणी सांगितलंच नसेल. गाडीचं ऑइल तपासायला मात्र कुणीतरी नक्की सांगितलं असेल.

आम्ही तिथे गेलो तेव्हा धुकं होतं. एक भूतानी बाई नातवाचा हात धरून प्रदक्षिणा घालत होती. सौ. तिच्या मागे चालू लागल्या, म्हणून आम्हीही. तीन फेऱ्यांनंतर चहा घेतला. त्या रात्री जेवायला केवा दात्शी होतं, बटाटा आणि चीज, वर मिरच्या. १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जनं जॉर्ज बोगलला या वाटेनं पाठवलं, तेव्हा त्याच्याबरोबर बटाटे दिले होते, मुक्कामाच्या जागी लावत जा म्हणून. सौ.ला सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे एक तरी पाहुणा काही देऊन गेला." मग डायरी काढून त्यांनी 'दंड' हा शब्द खोडला. त्याजागी काय लिहिलं ते दाखवलं नाही.

शेवटचा आकडा एकाहत्तर हजार तीनशे चाळीस झाला. त्या तरुण जोडप्यासाठी एवढंच: ओळखपत्रावरचं आणि बुकिंगवरचं नाव आधी ताडून पाहा. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, कचेरी बंद व्हायची वेळ त्या हिशेबानं धरा. पुनाख्यासारख्या ठिकाणांसाठी पुढचा परवाना लागतो का, ते थिंफूतच विचारून घ्या. गाडी ठरवताना दरडीसाठी एक दिवस हातात ठेवा. बाकीचे प्रश्न चहानंतर घेऊ, मागे कप वाजायला लागलेत.