चुनखडकी किनारा

चुनखडकी किनारा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाच्या खडकांनी बनलेला सागरकिनारा. बेसॉल्ट किंवा ग्रॅनाइटच्या किनाऱ्यावर झीज प्रामुख्याने लाटांच्या आघाताने होते. चुनखडक पाण्यात विरघळू शकतो, त्यामुळे अशा किनाऱ्याच्या जडणघडणीत जमिनीखालून समुद्राकडे वाहणाऱ्या भूजलाचा वाटा लाटांइतकाच मोठा असतो. महाराष्ट्राचा किनारा मुख्यत्वे बेसॉल्ट व जांभा यांचा असल्याने खरा चुनखडकी किनारा येथे नाही. मात्र त्याच रासायनिक क्रियांची एक खूण कोकणात करळ या खडकाच्या रूपाने आढळते.

मिश्रजलाची क्रिया

पावसाचे पाणी हवेतील व विशेषतः मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते आणि चुनखडकातून झिरपताना त्याचा काही भाग विरघळवते. ठरावीक मर्यादेनंतर हे पाणी संपृक्त होते व त्याची विरघळवण्याची शक्ती संपते. उष्ण कटिबंधातील समुद्राचे पृष्ठजल तर मुळातच कॅल्शियम कार्बोनेटाने अतिसंपृक्त असते. म्हणजे दोन्ही पाणी स्वतंत्रपणे चुनखडकाला फारसा अपाय करू शकत नाहीत. परंतु ती एकमेकांत मिसळली की तयार होणारे मचूळ पाणी अनेकदा असंपृक्त ठरते व खडक पुन्हा विरघळू लागतो. क्षारतेनुसार विद्राव्यता सरळ प्रमाणात बदलत नाही, हे या वरवर विसंगत वाटणाऱ्या घटनेचे कारण आहे. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण व तापमान यांवर परिणाम अवलंबून असल्यामुळे प्रत्येक मिश्रण विद्रावक असतेच असे नाही.

हे मिश्रण नेमके कोठे होते, हे घनतेवरून ठरते. गोड्या पाण्याची घनता सुमारे १.०००, तर समुद्रजलाची सुमारे १.०२५ असते. त्यामुळे किनाऱ्यालगत गोडे भूजल खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. भूजलपातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मी. उंच असेल, तर गोडे पाणी तिच्याखाली सुमारे ४० मी. खोलीपर्यंत असते. हे प्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या व विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या संशोधनातून पुढे आले असून ते बाडोन गायबेन व हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखले जाते. प्रत्यक्षात सीमा रेषेसारखी तीक्ष्ण नसून मचूळ पाण्याचा एक पट्टा असतो. भिंगाच्या कडेला, म्हणजे किनाऱ्याजवळ, हा पट्टा सर्वांत सक्रिय असतो.

भूमिरूपे

बहामा बेटांवर या कडेला तयार झालेल्या गुहा विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांना नदीच्या गुहेसारखे मुख नसते. खडकाच्या पोटात पोकळी आधी निर्माण होते आणि कडा मागे हटल्यावर ती उघडी पडते. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात पृष्ठभागावर नद्या जवळजवळ नाहीत. पाणी भूमिगत मार्गांनी समुद्राला मिळते, आणि जेथे ते बाहेर पडते तेथे खडक विरघळून व छत कोसळून लहान खाड्या बनतात.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० मी.च्या आसपास खाली होती. पातळीबरोबर मिश्रणाचा पट्टाही खाली-वर सरकत राहिला. म्हणूनच आज पाण्याखाली बुडालेल्या आणि समुद्रसपाटीपेक्षा उंचावर राहिलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या गुहा आढळतात.

भरतीरेषेवरील आडव्या खाचा मात्र केवळ विरघळण्याने होत नाहीत. खडक कुरतडणाऱ्या गोगलगायी, भोके पाडणारे स्पंज व सूक्ष्म शैवले यांचा त्यांत मोठा हात असतो. खाच खोल गेली की वरचा कडा आधाराविना कोसळतो.

कोकणातील करळ

रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पुळणीची वाळू व शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधले जाऊन टणक थर बनले आहेत. त्यांना स्थानिक भाषेत करळ म्हणतात. मुंबई परिसरातील अशा थरांना जुन्या भूवैज्ञानिक लेखनात ‘लिटोरल काँक्रीट’ हे नाव आहे. येथे क्रिया उलट दिशेने घडते: भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाण्याचे बाष्पीभवन होऊन किंवा त्यातील कार्बन डायऑक्साइड निसटून कॅल्साइट अवक्षेपित होते व वाळूचे कण बांधले जातात. थर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बनत असल्याने, आजच्या भरतीरेषेहून उंच असलेली करळ जुन्या समुद्रपातळीचा पुरावा मानली जाते. तथापि जमीन उचलली गेल्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते.

सौराष्ट्र व लक्षद्वीप

पश्चिम भारतातील ठळक चुनखडकी किनारा सौराष्ट्राचा आहे. तेथील मिलिओलाइट चुनखडक ‘पोरबंदर दगड’ या नावाने मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातील बांधकामांत वापरला गेला. सच्छिद्रतेमुळे तो घडवण्यास सोपा, पण त्याच गुणामुळे समुद्राचे पाणी त्यातून आत शिरू शकते. विहिरींवर पंप बसल्यानंतर ऊना, चोरवाड, मांगरोळ या पट्ट्यातील उपसा पुनर्भरणापेक्षा वाढला आणि गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्या. वरील प्रमाणाचा व्यवहारातील अर्थ येथे दिसतो: भूजलपातळी १ मी.ने उतरली, तर कालांतराने खाऱ्या पाण्याची सीमा ४० मी.पर्यंत वर येऊ शकते. गुजरात शासनाने १९७६ मध्ये या प्रश्नासाठी उच्चस्तरीय समिती नेमली. त्यानंतर नदीमुखांवर भरती रोखणारे बंधारे, पुनर्भरण तलाव व किनाऱ्याला समांतर कालवे असे उपाय योजण्यात आले.

लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटांवर नद्या नाहीत; तेथे गोड्या पाण्याचे भिंग अवघे काही मीटर जाडीचे असते. म्हणून जोरदार उपशाऐवजी उथळ विहिरींतून थोडे थोडे पाणी काढणे, पावसाचे पाणी साठवणे व निःक्षारीकरण यांवर तेथील पाणीपुरवठा चालतो.