पंचविसाव्या दिवसापर्यंत

टिपूशी झालेलं 1792 चं युद्ध संपून वर्ष उलटलंय. पुण्याजवळ तुम्ही कावसजीच्या उशाशी बसला आहात. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा हा मराठा शेतकरी. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात गेला. त्याच्यावर वाकलेला कारागीर विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला आहे.

मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बेतून, ते सपाट करून तो कपाळावर ठेवतो, कडेनं रेघ मारतो आणि तेवढी कातडी सोडवतो. पण सगळी नाही. भुवयांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच राहते. कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळते, सोललेल्या जुन्या व्रणाच्या कडेत बसते. वर ओल्या काताच्या कापडी पट्ट्या, एकावर एक.

खरी करामत त्या चिंचोळ्या पट्टीची. नव्या नाकाला रक्त सध्या फक्त तिथूनच मिळतंय.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून सांध्याच्या आतलंही तुम्हाला दिसतं. बिंबाणूंनी रक्त गोठवलं. काही तासांत न्यूट्रोफिल येऊन जंतूंवर तुटून पडले. दोन-तीन दिवसांत महाभक्षक पेशी आल्या; त्या मेलेले न्यूट्रोफिल गिळतात आणि मग दुसऱ्याच कामाला लागतात. ऑक्सिजन कमी पडतोय तिथं त्या व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात. जवळच्या केशवाहिनीतली एक पेशी त्या दिशेला सरकते, मागच्या पेशी वाढत जातात, वाहिनीला कोंब फुटतो. दोन कोंब एकमेकांना भिडले की त्यांतून रक्त वाहू लागतं.

चौथ्या दिवशी कात निघतो, तुपात भिजवलेली कापडं लागतात. कपाळावरची उघडी जखम जवळून बघा: लालभडक, दाणेदार. दाण्यादाण्यात नव्या केशवाहिन्यांची वेटोळी, इतकी नाजूक की कापड घासलं तरी रक्त येतं.

1794 मध्ये लंडनचं 'जंटलमन्स मॅगझिन' ही हकिकत छापेल, कावसजीच्या नावानिशी. कारागिराचं नाव त्यात नसेल, आणि मला ते फार लागतं. कारण केशवाहिनी न पाहताही, ती चिंचोळी पट्टी कापण्याआधी किती थांबायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजचे सर्जनही कपाळाच्या कातडीचं नाक करताना बहुधा तीनेक आठवडे थांबतात.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो कातडीची ती पट्टी कापतो. तुम्ही नाकाच्या शेंड्याकडे बघता. काळंनिळं पडत नाही. आता रक्त गालाकडून येतंय. तो पुन्हा पातं उचलतो. आकार अजून थोडा सुबक करायचाय.